देवी नाही, मग काय?

माझ्या आजाराचं खरं नाव मला अकरा महिन्यांनी कळलं. तोवर त्याला पाच-सहा नावं ठेवून झाली होती आणि त्यातलं फोडांना दिलेलं पहिलं नाव मी स्वतःच ठेवलं होतं. मी काही डॉक्टर नाही. पण फोड बघणं ही माझी नोकरी होती, म्हणून हे सांगताना जास्त लाज वाटते.

मी आरोग्य खात्यात देवीची लस टोचणारा कर्मचारी. भोकरदनच्या आसपासची गावं माझ्याकडे होती. तेव्हा जालना जिल्हा झालेला नव्हता, आमचा कारभार औरंगाबादहून चालायचा. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरचा काळ. देवी देशातून कायमची घालवायची म्हणून खातं हात धुऊन तिच्या मागे लागलं होतं. माझ्याकडे सायकल, लशीचा डबा, दोन टोकांची सुई आणि देवी आलेल्या लेकराचं रंगीत चित्र असलेलं एक कार्ड. घरोघर ते कार्ड दाखवायचं आणि विचारायचं, "असं कुणाला झालंय का?" कुणी सापडलं की बघायचं आणि वहीत लिहायचं, देवी आहे किंवा देवी नाही. पुढे सायकलवर टांग.

हे लिहायला बसलो ते एवढ्यासाठी, की कुणाच्या तोंडातली जखम महिनोन् महिने भरत नसेल आणि वर अंगावर पाण्याचे फोड येत असतील, तर त्यानं माझ्यासारखं शहाणपण करू नये.

तोंड

सुरुवात दिवाळीनंतर झाली. डाव्या गालाच्या आतून एक जखम. ठेचा खाल्ला की डोळ्यांतून पाणी. माय म्हणाली, "उष्णता हाय. दिवसभर सायकलवर ऊन खातूस, दुसरं काय व्हनार?" मग सब्जाचं पाणी झालं, गुलकंद झाला, ताक झालं. जखम एकाची चार झाली.

बाजारातल्या डॉक्टरनं जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यानं तंबाखू सोडायला सांगितली. मी तंबाखूला कधी हात लावलेला नाही, हे सांगितलं तर तो म्हणाला, "सगळे असंच म्हणतात." त्यानं तोंडात लावायला जांभळं औषध दिलं. जांभळ्या तोंडानं मी गावोगाव लस टोचत फिरलो, आणि आधीच सुईला भिणारी लेकरं मला लांबून बघूनच पळायला लागली.

भाकरी बंद झाली. शांता, माझी बायको, भाकरी दुधात कुस्करून, तिचा पार लगदा करून द्यायची. पाहुणे भेटायला यायचे ते मोसंबी घेऊन. आमच्या भागात आजारी माणसाकडे रिकाम्या हातानं कुणी येत नाही, आणि मोसंबीवाचून दुसरं काही आणत नाही. एकदा मान राखायला एक फोड तोंडात धरली आणि ताडकन उठून उभा राहिलो. त्यानंतर सगळी मोसंबी आमची चार वर्षांची संगीच खायची.

तिसरा डॉक्टर जालन्याचा. त्यानं तोंडात बघितलं, शांताला पडद्याबाहेर बसायला सांगितलं आणि हळूच विचारलं, बाहेर कुठं जाणं-येणं आहे का. मी नाही म्हणालो. नोकरी काय, तर फिरतीची. एवढं ऐकून त्याला माझं नाही म्हणणं पटेना. त्यानं गुप्तरोगासाठी रक्त तपासायला घेतलं.

पडदा कापडाचा होता. शांतानं सगळं ऐकलं होतं. रक्त साफ निघालं, मी तो कागद तिच्या हातात दिला.

"बघ, काही न्हाई निघालं."

"मी काही म्हणले का?"

खरंच ती काही म्हणाली नव्हती. आठ दिवस काहीच म्हणाली नाही. भाकरीचा लगदा वेळेवर पुढे यायचा आणि ती उठून जायची. त्या आठ दिवसांत मी ठरवलं, आता तोंड कुणाला दाखवायचं नाही. बरं व्हायचं तर आपोआप होईल. ह्या एका निश्चयानं माझे किती महिने खाल्ले, त्याचा हिशोब मी आजही लावत नाही.

अंग

चैत्रात छातीवर फोड आले. पातळ कातडीचे, पाण्यानं भरलेले. सदरा घासला की फुटायचे, आणि खालची जागा लालबुंद, उघडी. ती भरायचीच नाही. सदरा अंगाला चिकटायचा, तो भिजवून सोडवावा लागायचा.

मी म्हणालो, कांजण्या. हे माझं निदान. पंधरा दिवसांत कांजण्या जातात, हे गेले नाहीत. फोड कमरेकडे उतरले तेव्हा गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी नागीण ठरवली. नागिणीची दोन टोकं एकमेकांना भेटली की माणूस जातो म्हणतात, म्हणून त्यांतल्या एकानं गेरू उगाळून माझ्या कमरेभोवती आडवी रेघ ओढली. असल्या गोष्टींवर गावोगाव व्याख्यान देणारा मी, हात वर करून गुपचूप उभा राहिलो. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू.

मग एका दुपारी दार लावून आरशासमोर उभा राहिलो आणि ते कार्ड शेजारी धरलं. कार्डावरच्या लेकराचे फोड तोंडावर, हातापायांवर जास्त आणि टणक. माझे छातीपाठीवर आणि लिबलिबीत. मला ताप नव्हता. लस तर मला इतक्यांदा टोचलेली की दंडावर जागा उरली नव्हती. देवी असणं शक्यच नव्हतं. कार्ड खाली ठेवलं की हे सगळं पटायचं. पुन्हा आरशात बघितलं की वाटायचं, नाही, देवीच आहे.

मायला तर शंकाच नव्हती. ती म्हणाली, "गावोगाव सुई टोचून तूच तिला हाकलत फिरलास. मंग ती जाईल कुठं? तुझ्याकडंच येईल ना?"

आता हे बोलणारी माझी माय कोण, तर आम्ही बुद्ध धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव टोपल्यात भरून स्वतःच्या डोक्यावरून नदीला नेणारी बाई. त्यानंतर तिनं कधी दगडाकडे मान वळवली नव्हती. आणि आता तिनं घरात फोडणी द्यायची बंद केली. देवीला तळणाचा वास चालत नाही ना! दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचला. देवी अंगात असताना औषध द्यायचं नसतं, म्हणून फोडांना लावायला आणलेला माझा मलम कोनाड्यातून गायब झाला. त्यानं काही बिघडलं नाही, कारण तो मलम तसाही काही कामाचा नव्हता. शांतानं तिला गावाबाहेरच्या लिंबाखाली दहीभात ठेवताना बघितलं.

मी भडकलो. "माय, तू प्रतिज्ञा घेतल्यास ना? देव मानायचे न्हाईत म्हणून?"

"मी हात न्हाई जोडले," ती म्हणाली. "नुसता भात ठेवून आले."



जीप

देवीचा रोगी कळवणाऱ्याला सरकार बक्षीस देत होतं. ही दवंडी मीच तालुकाभर पिटली होती. त्यामुळे कुणीतरी माझंच नाव कळवलं यात त्याची काय चूक? एका सकाळी आमच्या साहेबांची जीप गल्लीत येऊन थांबली.

साहेबांनी फोड बघितले आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनाही कळत होतं की ही देवी दिसत नाही. पण लस टोचणाराच फोडांनी भरलाय ही बातमी तालुक्यात पसरली, तर उद्या सुई घेऊन येणाऱ्याला कोण दारात उभं करणार? नियम तो नियम. मला गावाबाहेरच्या एका रिकाम्या खोलीत नेऊन ठेवलं. दाराशी पहारेकरी बसवला. आमच्या गल्लीतल्या एकूण एक माणसाला, तान्ह्या बाळापासून, पुन्हा लस टोचली. खपल्या डबीत घालून तपासणीला गेल्या.

निघताना साहेबांनी विचारलं, "आणखी कुठं काही त्रास?"

"नाही साहेब."

माझं तोंड आतून सोललेलं होतं. गिळता येत नव्हतं. पण तोंड म्हटलं की मला तो कापडी पडदा आठवायचा.

अडीच आठवडे मी तिथे होतो. शांता जेवण दारात ठेवून मागे सरायची. संगी तिच्या पदराला धरून लांब उभी राहायची. एकदा ती पुढे धावली तर शांतानं तिला अशी खेचली की पोरगी पडली. नंतर संगी आपणहोऊनच लांब थांबायला लागली. आत मी दिवसभर एकच विचार करायचो. पँट दोरीनं बांधायची वेळ आलीय, फोड वाढून राह्यलेत, हे काय आहे ते कळेपर्यंत मी उरेन का?

मग अहवाल आला. साहेब स्वतः सांगायला आले. "देवी नाही! सुटलात!" पहारेकऱ्यानं स्टूल उचललं, जीप गेली. सगळ्यांचे चेहरे उजळलेले. माझाही.

घरी आल्यावर शांतानं विचारलं, "मंग काय हाय?"

"देवी न्हाई."

"ते कळालं. पण हाय काय?"

इतकी वर्षं मी लोकांना "देवी नाही" सांगत आलो, त्यावर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, किंवा विचारला असेल तेव्हा मी सायकलवर बसलेला असेन.

अंगठा

औरंगाबादला जायचं शांतानं ठरवलं. मी म्हणत होतो, थंडी पडू दे, गारव्यानं उतरेल. ती म्हणाली, "तुमचं ऐकून राह्यले तर मी मोकळ्या कपाळानं बसंन. चला." एसटीत मला पाठ टेकता येईना. सबंध प्रवास मी दांड्याला धरून उभा होतो आणि बसायला जागा असून हा माणूस उभा का, म्हणून लोक बघत होते.

मोठ्या सरकारी दवाखान्यात कातडीच्या विभागात एक डॉक्टरीणबाई होत्या. बोलणं तुटक, हात भराभर चालणारे. अंग बघता बघता त्यांनी विचारलं, "तोंडात काही?"

मागून शांता म्हणाली, "तोंडातच आधी झालं. दिवाळीपासून हाय."

मी तिच्याकडे असं बघितलं की बस. पण बाईंनी तोवर बॅटरी काढली होती. तोंडात बराच वेळ बघितलं. मग माझ्या पाठीवर जिथे एकही फोड नव्हता अशा चांगल्या जागी अंगठा टेकवला आणि जरा दाबून सरकवला. कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सरकली. बाईंनी हाक मारून शिकणारी मुलं गोळा केली. दहा-बारा जण माझ्याभोवती. एरवी मला राग आला असता. पण बाईंच्या तोंडावर मला अकरा महिन्यांत पहिल्यांदा असं काही दिसलं, की ह्या माणसाला काय झालंय ते ह्यांना माहीत आहे.

त्यांनी कातडीचा तुकडा तपासायला घेतला, आणि चार दिवसांनी नक्की सांगितलं. पेम्फिगस. क्वचित होणारा रोग. बऱ्याचदा तोंडात आधी येतो, अंगावर मागून. औषध मिळालं नाही तर माणूस सहसा जगत नाही.

शांतानं एकच विचारलं. "लागट हाय का?"

"बिलकुल नाही. कुणालाही होत नाही कुणापासून."

शांता तिथेच फरशीवर बसली आणि रडायला लागली. जगत नाही हे ऐकून ती रडली नव्हती. "पोरीला मी खेचली हो," एवढंच ती म्हणत होती.

केळीची पानं

वॉर्डात गादीची चादर पाठीला चिकटायची. सकाळी ती सोडवताना मी ओरडायचो, तेव्हा तिथल्या वयस्क सिस्टरनी शांताला सांगितलं, "केळीची पानं आण." कुठून आणायची? शांतानं शहर पालथं घातलं आणि एका बंगल्याच्या माळ्याला गाठलं. तो रोज चार पानं कापून ठेवायचा, पुसून. खोबरेल तेल लावलेल्या त्या गार पानावर मी निजलो आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा झोपलो. ते माळीदादा मला कधी भेटले नाहीत.

गोळ्या मूठभर. त्यांनी फोड थांबले, तोंड भरत आलं, आणि भूक अशी लागली की जेवण झाल्यावर पुढच्या जेवणाची वाट बघत बसायचो. चेहरा सुजून भोपळा झाला. माय भेटायला आली तर आनंदानं म्हणाली, "बाळसं धरलंस की रं!" ते बाळसं नाही, औषधाची सूज आहे, हे तिला पटलंच नाही.

"पण झालं कशानं?" तिनं विचारलं.

बाईंनी मला जसं सांगितलं तसं मी सांगितलं. अंगात रोगाशी लढणारे शिपाई असतात, ते भ्रमिष्ट होऊन आपल्याच कातडीवर चालून जातात. बाहेरून कुणी काही केलेलं नाही.

"म्हंजे तूच तुला केलं?"

"तसंच काहीतरी."

"तू कशाला करशील?" माय म्हणाली. मलाही ते कळलेलं नव्हतं. आजही नीटसं कळलेलं नाही. माझं अंग माझ्याशी का भांडलं, ह्याचं उत्तर बाईंकडेही नव्हतं आणि त्यांनी ते सरळ कबूल केलं, म्हणून माझा त्यांच्यावर जास्त विश्वास बसला.

सुटी देण्याआधी बाईंनी सहज विचारलं, "इतकी गावं फिरता, असा दुसरा कुणी बघितला होता?"

"नाही," मी म्हणालो.

खाटेवर येऊन बसलो आणि आठवली. गयाबाई. दोन वर्षांपूर्वी, नदीपलीकडच्या एका गावात. कुणी देवी म्हणून कळवलं होतं. पाठीवर फोड, ताप नाही. मी लिहिलं, देवी नाही. ती बाई पदर बाजूला करून तोंड उघडून दाखवत होती, आत बघा म्हणून. दिवस मावळायला आला होता. मी म्हणालो, "तोंडाचं माझ्याकडं नसतं, बाई." त्या दिवशी शांतानं आणलेलं जेवण मला गेलं नाही, इतकी भूक असून.

नदीपलीकडे

घरी आलो तर संगी दारातच थांबली. लांब उभं राहायची सवय झालेली. मी हात पुढे केला, ती आईकडे बघायला लागली. शांता म्हणाली, "जा, काही व्हत न्हाई." तरी ती आली नाही. पाच-सहा दिवस गेले, मग एकदा मी बाजेवर पडलेलो असताना आपणहोऊन आली आणि माझ्या पोटाला टेकून बसली. मी हललो नाही.

कामावर रुजू झाल्यावर पहिल्या सुट्टीच्या दिवशी मी त्या गावाला गेलो. सायकलची ताकद नव्हती, एसटीनं. गयाबाईचा नवरा अंगणात कडबा तोडत बसला होता. सुजलेल्या तोंडामुळे मला ओळखायला त्याला वेळ लागला.

"टोचणारे साहेब ना? या, बसा."

आतून पाणी त्यानंच आणलं. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"गयाबाई?"

"गेली की साहेब. तुम्ही येऊन गेल्ते ना, त्याच्या चौथ्या-पाचव्या म्हैन्यात." तो माझ्यासमोर उकिडवा बसला. "पर लई खूश झाल्ती तवा. साऱ्या गल्लीत सांगत फिरली, साहेब म्हणले देवी न्हाई, काही न्हाई. आम्ही बी मंग कुठं दाखवलं न्हाई. सरकारी माणसानं बघितल्यावर आजून कुणाला दाखवायचं?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो मला मान देत होता. मी माफी मागायचं ठरवून आलो होतो. त्याऐवजी सदऱ्याची बटणं काढली आणि छातीवरचे काळे डाग त्याला दाखवले. तो जवळ सरकून, मान वाकडी करून बघत राहिला.

"असेच व्हते. बराबर असेच," तो म्हणाला. "मंग तुम्ही वाचले कसे?"

"औषध आहे त्याला."

त्यानं बसल्या जागी कडब्याची एक धांडी उचलली, मोडली, खाली ठेवली.

"तवा बी व्हतं का?"

"होतं," मी म्हणालो.